फ्यूज खिशात

तुमच्यापैकी कुणी जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहत असाल, तर इथल्या एका बेडरूमच्या घरात चार फुटी पंखांचं विमान ठेवायचं कुठे, हा प्रश्न तुम्हाला लगेच कळेल. आमचं सोफ्यामागे उभं असायचं. फोमचं, रिमोटवर उडणारं. वाळवंटात जाऊन उडवायचा बेत होता. पण १७ जानेवारी २०२२ ला अबू धाबीवर ड्रोनहल्ला झाला आणि काही दिवसांतच हौशी मंडळींच्या उडवण्यावर बंदी आली. तेव्हा विमान घरातच राहिलं. फेब्रुवारीत तासगावहून बाबा आले आणि आमचे सगळे प्रयोग जेवणाच्या टेबलावर सुरू झाले.

बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेले लाइनमन. काम कितीही छोटं असो, आधी किटकॅट फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा, ही त्यांची शिस्त. बोर्डावर ठेवला तर कुणीतरी भला माणूस परत बसवतो. लहानपणी धुण्याच्या शर्टात आईला ते पांढरे चिनीमातीचे फ्यूज सापडायचे.

मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएचडी केलेली, आता पोस्टडॉक. त्यामुळे समजावून सांगायचा उत्साह दांडगा. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये काड्यापेटीहून थोडी मोठी वस्तू असते, ती ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. बॅटरीच्या दोन तारा आत, मोटरच्या तीन तारा बाहेर. कोणत्या तारेत कधी वीज सोडायची ते ती ठरवते. बॅटरी जोडली की मोटरच बीप करते: तीन सेल असतील तर तीन बीप, मग थ्रॉटल अगदी खाली असेल तर एक लांब बीप. थ्रॉटल वर राहिला असेल तर नुसती भराभर बीप करत बसते, फिरत नाही. हे बाबांना फार आवडलं.

मग बाकीची संरक्षणं. लिथियम पॉलिमर सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा, ३ व्होल्टच्या खाली उतरला तर खराब होतो, म्हणून त्याच्या आसपास ईएससी मोटरचा जोर कमी करते किंवा मोटर तोडते. विमान पडत नाही, कारण पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्होंना ५ व्होल्ट मिळत राहतात. तरंगत उतरवता येतं. (चार पंख्यांच्या ड्रोनला हीच सोय घातक. त्याला तरंगायला पंखच नाहीत. तिथे बॅटरी मेली तरी चालेल, मोटर चालली पाहिजे.) ईएससी ११० अंशांच्या आसपास तापली तर जोर कमी. मोटर अडकून सुरूच झाली नाही तर दोन सेकंदांत बंद.

बाबा म्हणाले, "अगं, हे सगळं बॅटरीला, मोटरला. माणसाला काय?"

"आहे ना. रिमोटचा सिग्नल तुटला की दोन-तीन सेकंदांत मोटर आपोआप बंद."

संध्याकाळी बाबांनी विमान दोन्ही हातांनी धरलं होतं आणि मी पट्ट्या तपासत होते. तपासून झालं. थ्रॉटल खालीच होता, म्हणून बॅटरी काढायच्या आधी मी रिमोट बंद केला. मोटर अर्ध्या जोरावर सुरू झाली. दहा इंची प्रॉपेलर. दोन-तीन सेकंद उलटले तरी ती थांबली नाही. रिमोट परत चालू केला तेव्हा कुठे थांबली, तोवर बाबांचा डावा तळवा कापला होता.

पलीकडच्या क्लस्टरमधल्या दवाखान्यात तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, कशाने लागलं? बाबा म्हणाले, "फॅन."

रात्री मला झोप नव्हती. कारण सापडायला फार वेळ लागला नाही. ईएससीला रिमोट दिसतच नाही, तिला दिसतो रिसीव्हर. आणि काही रिसीव्हर रिमोटशी पहिल्यांदा जोडताना स्टिक जिथे असतील ती जागा लक्षात ठेवतात. संपर्क तुटला की तोच हुकूम पुढे देत राहतात. मी जोडणी केली तेव्हा थ्रॉटल अर्ध्यावर होता. म्हणजे रिमोट मेला, पण ईएससीपर्यंत व्यवस्थित सिग्नल पोचत होता: अर्धा जोर. तिच्या दृष्टीने काहीच तुटलं नव्हतं. दोष तिचा नव्हताच. तुम्ही असं काही उडवत असाल तर प्रॉपेलर काढून, रिमोट मुद्दाम बंद करून एकदा पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. मी, जिने संरक्षक सर्किटांवर प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं, तिने ते केलं नव्हतं.

सकाळी थ्रॉटल खाली ठेवून जोडणी पुन्हा केली आणि बाबांना बोलावलं. आता बघा, रिमोट बंद केला तरी काही होत नाही.

"थांब," म्हणाले. उजव्या हाताने नट सैल केला, प्रॉपेलर काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. दहा इंची प्रॉपेलर खिशात मावत नाही, अर्ध्याहून जास्त बाहेर राहतो. "आता कर काय करायचं ते."

चाचणी झाली. मोटर गप्प राहिली. बाबा चहा प्यायले आणि प्रॉपेलर तसाच खिशात घेऊन खाली तळ्याकाठी फिरायला गेले.