पंचाच्या खुणा

येझदी रोडकिंग तिसऱ्यांदा दारात आली तेव्हा मी ती सुरू करूनसुद्धा बघितली नाही. सरळ कंडेन्सरच्या डब्यात हात घातला. तक्रार तीच होती. कोल्हापुरातून निघताना गाडी झकास, पण वाघबीळच्या चढाला लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की ओढ संपते, इंजिन भट्टीसारखं तापतं आणि मूठ पूर्ण सोडली तरी रेस खाली येत नाही. तासभर सावलीत उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. मातीतल्या शर्यतींसाठी ही गाडी १९८६ साली मीच बांधली होती. उंच मडगार्ड, खोल नक्षीचे टायर, पुढचं स्प्रॉकेट लहान. चालवणारा माझा दोस्त. तो गेल्या पावसाळ्यात वारला. आता त्याचा मुलगा ती घेऊन येतो आणि मला काका म्हणतो.

तापल्यावरच दिसणाऱ्या आजारानं मला चाळीस वर्षं छळलंय. स्टँडवर लावलेल्या गाडीवर ना भार असतो ना चढ. ती बिघडते तिकडे घाटात, आणि तिथं आपण नसतो. त्यात चार वेगवेगळे आजार त्याच पंधराव्या मिनिटाला तोंड वर काढतात. कंडेन्सर तापून दगा देतो. कॉइलच्या आतली तार तापून सुटते. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर तेवढ्याच वेळात पेट्रोल उतरायचं थांबतं. आणि चौथी हवा, कार्बोरेटर सोडून दुसरीकडूनच चेंबरमध्ये शिरणारी. क्रँकचं डावीकडचं सील गेलं तर निदान कळतं तरी. ते क्लचच्या बाजूचं तेल ओढतं, सायलेन्सर पांढरा धूर सोडतात, गिअरबॉक्सचं तेल कमी होतं. उजवीकडचं, डायनॅमोमागचं सील फक्त हवा घेतं. धूर नाही, डाग नाही, थेंब नाही. मिश्रण तेवढं पातळ होत जातं आणि पिस्टन भाजत राहतो.

वीज गेली तर रेस तुटते, हवा शिरली तर रेस वर टांगून राहते. हे मी हाताखालच्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो. तरी मी दोनदा कंडेन्सर बदलला होता आणि तिसरा शोधत होतो.

कारण माझा कान. पातळ मिश्रणावर चालणाऱ्या टू-स्ट्रोकचा आवाज कोरडा होतो. त्याला एक बारीक धार येते, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. ती धार मला गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची. गाडी दारात पोचायच्या आधी मी आतून ओरडून सांगायचो, काय झालंय ते. सांगली, निपाणी, चिकोडीहून लोक गाड्या टेम्पोत घालून आणायचे, आणि मी स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून डोळे मिटायचो. डोळे मिटायची काही गरज नव्हती. लोक बघत असले की मी मिटायचो. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. चार हजार हर्ट्झपाशी रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. आयुष्यभर उघड्या सायलेन्सरपाशी बसणाऱ्याचा कान तिथंच आधी जातो म्हणाले. घरी सांगितलं, गॅरेजात कुणाला सांगितलं नाही. रोडकिंगमध्ये मला ती धार ऐकू आली नाही, म्हणून मी ठरवलं की ती धार नाहीच.

माझ्याकडे आयटीआय झालेला एक पोरगा आहे. मोठ्यानं बोलत नाही, आणि हल्ली त्याचंही मला अर्धंच ऐकू येतं. त्यानं रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ आणलं. कार्बोरेटर उतरवून इनलेटच्या तोंडात रबरी बूच घातलं, दोन्ही एक्झॉस्टवर सायकलची ट्यूब आणि पत्रा कसला, पिस्टन खाली नेला आणि हवा भरली. काटा तीनशेवर नेऊन ठेवला, म्हणजे चौरस इंचाला जवळपास सहा पौंड. सहा मिनिटं काटा हलला नाही. चेंबर बंद. गळती नाही.

मला त्या वेळी आनंद झाला. गाडी दुरुस्त झाली नव्हती, दोस्ताचा मुलगा बाकावर ताटकळत बसला होता, आणि मला मात्र फुगा हरला याचं बरं वाटलं.

तो पोरगा काटा बघत तसाच उकिडवा बसून होता. म्हणाला, "वस्ताद, तापवून बघूया का?"

इथं जरा दुसरं बोलतो. हल्ली जुन्या गाड्या सजवणारे बरेच झालेत. येझदी आली की ते आधी जपानी कार्बोरेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच चढवतात. गाडी पहिल्या किकला उठते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आतली गळती आतच राहते. मला त्या लोकांचा राग आहे, आणि तो मी उघड बोलून दाखवतो. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, तेव्हापासून आहेत तेवढ्याच गाड्या उरल्या. त्यातली एकेक अशी नटवून मारायची हे मला बघवत नाही. पण ठरल्यापेक्षा दोन नंबर मोठं जेट घालून पातळ मिश्रण झाकायचं, हे त्यांच्याही आधी मी केलंय, आणि याच गाडीत केलंय. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. त्याच जेटमधून ते मिश्रण आणखी पातळ पाडतं. इतकी वर्षं झाकलेलं त्यामुळंच उघडं पडलं असावं.

पोरगा गाडी वाघबीळपर्यंत तापवून घेऊन आला. हातमोजे घालून आम्ही दोघांनी सायलेन्सर, कार्बोरेटर, डायनॅमो उतरवला. माझं मनगट भाजलं. फुगा भरला. काटा तीनशेवर पोचलाच नाही. सीलवर साबणाचं पाणी सोडलं तर वरच्या अंगाला फुगे येऊ लागले, लहान मुलाच्या तोंडातून यावेत तसे.

दुसऱ्या दिवशी चेंबर फोडला. सीलची कड एका बाजूनं खाल्लेली होती. ती कशानं खाल्ली, हे उजवं बेअरिंग काढल्यावर दिसलं. बेअरिंग बोटानं निघालं. ॲल्युमिनियमच्या घरात गोलाकार ठिपके होते, सेंटर पंचानं मारलेले. बारा. तीन-तीनचे चार गट. बाकीचे लोक असे ठिपके सरसकट गोल मारतात. तीन-तीनच्या गटात फक्त मी मारायचो.

शर्यत दोन दिवसांवर होती. चेंबर न तापवता मी बेअरिंग हातोडीनं बाहेर काढलं आणि घर ओरबाडलं. नवं बेअरिंग सैल बसायला लागलं म्हणून पंच मारून ते घट्ट केलं. गार असताना ते घट्टच होतं. साठ मिलिमीटर व्यासाचं ॲल्युमिनियमचं घर ऐंशी डिग्री तापलं की पोलादी बेअरिंगपेक्षा सुमारे पाच शतांश मिलिमीटर जास्त फुगतं. पंचाच्या उंचवट्यांना तेवढं पुरतं. बेअरिंग सुटतं, क्रँक नाचायला लागतो, सीलची कड उचलली जाते.

ती शर्यत १९८७ ची. चौथ्या फेरीत उडीच्या तोंडाशी पिस्टन धरला, मागचं चाक जाम झालं आणि दोस्ताचं गळ्याचं हाड मोडलं. रात्री मी हेड आणि सिलिंडर काढला. पिस्टन फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरबाडला होता, माथ्याची कड तिथंच वितळली होती. कार्बोरेटरची बाजू स्वच्छ होती. बिग एंडला हात लावला तर तेलानं ओला लागला. तेल कमी पडलं असतं तर पिस्टन चहूबाजूंनी ओरबाडला असता आणि बिग एंड निळा पडला असता. हे मला तेव्हाही येत होतं. माझा हात तेलकट झाला होता, तो मी फडक्याला पुसला आणि दवाखान्यात जाऊन दोस्ताला म्हणालो, "तेल कमी घातलंस." खाली चेंबर उघडला नाही. नवा पिस्टन टाकला, दोन नंबर मोठं जेट टाकलं. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. माझं म्हणणं त्यानं मान्य केलं होतं, कारण माझं निदान चुकत नाही असं तोच सगळ्यांना सांगायचा.

घर बोअर करून त्यात बुश बसवायला चेंबर मी उद्यमनगरात दिला. आतला ठिपक्यांचा पत्ता तेवढ्यानं पुसला गेला. नवी सील, नवं बेअरिंग, या वेळी घर तापवून, बेअरिंग हातानं सरकवून. गार असताना फुगा लावला, तापवून परत लावला. काटा जागचा हलला नाही. पोरगा दोनदा वाघबीळ चढून आला आणि खाली येताना रेस खाली पडत होती असं म्हणाला. मला ते त्याला विचारावं लागलं.

मुलगा गाडी न्यायला आला. येताना कॅनमध्ये पेट्रोल आणलं होतं. त्यानं खिशातून औषधाच्या बाटलीचं माप काढलं, पाच लिटरला अडीचशे मिली तेल दोनदा मोजून ओतलं, माप उजेडाकडे धरून रेघ पुन्हा बघितली.

मी म्हटलं, "एवढं काटेकोर?"

"बाबांनी लावलेली सवय, काका. त्यांच्या हातून एकदा तेल कमी पडलं होतं ना. मरेपर्यंत तेच सांगायचे."

मी त्याला बाकावर बसवलं आणि बुश बसवायच्या आधी पोरानं मोबाइलवर काढून ठेवलेला त्या बारा ठिपक्यांचा फोटो त्याच्यासमोर धरला.