उन्हाळ्यांतील नळदुर्ग

वैशाख लागला कीं मुंबई-पुण्याकडील मंडळी समुद्राच्या कडेनें जाणाऱ्या कोंकणांतील सडकांवर सहलीस निघतात. आम्हां धाराशिवकरांच्या वांट्यास समुद्र आलेला नाहीं. परंतु एका दिवसांत जाऊन येण्याजोगी, पाण्याचीच एक वाट आमच्याकडेहि आहे. ती तुळजापुरावरून नळदुर्गास जाते.

यंदा आम्हीं सहकुटुंब ती धरली. पहाटेस निघून प्रथम भवानीचें दर्शन घेतलें. तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरांत वसलें आहे. याच जिल्ह्यांतील तेरणेचें पाणी मांजरेबरोबर गोदावरीस जातें, तर नळदुर्गाची बोरी भीमेच्या द्वारें कृष्णेस मिळते. येथून नळदुर्ग सुमारें ३५ किलोमीटर. दुतर्फा नांगरून तापत पडलेलीं काळीं रानें, आणि मधून मधून निंबाची दाट सावली. अशाच एका सावलींत दशम्या-चटणी सोडून फराळ उरकला.

नळदुर्गाचा किल्ला व शेजारचा रणमंडळ यांच्या मधून बोरी वाहते. दोहोंस जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, बांधला गेला. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे नर व मादी या नांवांचे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि महालांत बसून समोरचें पाणी कोरड्या अंगानें पाहावें, अशी ही योजना आहे.

वैशाखांत त्यांतील कांहींच नव्हतें. "आजोबा, धबधबा कोठें आहे?" म्हणून नातवंडें हिरमुसलीं. आम्हीं त्यांस बंधाऱ्याचे चिरे दाखविले. पावसाळ्यांत येणारा प्रवासी पाणी पाहून परततो. चारशें वर्षें पुराचा भार सोसणारी ही भिंत कशी रचली आहे, हें उन्हाळ्यांतच निवांतपणें पाहतां येतें.

शेजारच्या लातुरास २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें आमच्या पिढीनें पाहिलें आहे. विहिरी-तळीं बांधणें यास आपल्या शास्त्रांनीं पूर्तकर्म म्हणून यज्ञयागांच्या जोडीस बसविलें. आदिलशहाच्या कारागिरांनीं येथें तेंच केलें. परततांना आमची घागर तळास गेली होती. धाकट्या नातवानें आपल्या वांट्याचें पाणी पिऊन भांडें उपडें केलें नाहीं. उरलेलें घोटभर पाणी त्यानें परत घागरींत ओतूं कां, म्हणून विचारलें. धबधबा न दिसल्याची भरपाई आम्हांस तेथेंच मिळाली.