सुट्टीत तारामासे मोजायचेत?

केर्न्सला पोचल्यावर पहिला धक्का बसतो तो हा की इथे धड बीचच नाही! ओहोटीला समोर नुसता चिखल आणि त्यात चोची खुपसणारे पक्षी. खरी मजा आत समुद्रात आहे. ग्रेट बॅरिअर रीफ, लांबी २३०० किलोमीटर. सकाळी आठच्या सुमारास बोटी तिकडेच सुटतात.

पाऊण तासावर ग्रीन आयलंड लागतं. १९६२ मध्ये इथेच एका तारामाशाची मोठी धाड पहिल्यांदा नोंदली गेली. नाव ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’, डायव्हर मंडळींचा ‘कॉट्स’. वीसेक हात, अंगभर विषारी काटे, आणि मोठा झाला तर ८० सेंटिमीटरपर्यंत. जेवायची तऱ्हाही अजब. स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढायचं, प्रवाळावर पसरायचं आणि जागेवरच पचवायचं. (हे जेवताना वाचत असाल तर सॉरी!) एक कॉट्स वर्षाला १० चौरस मीटरपर्यंत प्रवाळ फस्त करतो. म्हणजे आपल्या वन रूम किचनमधली अख्खी रूम.

तसा तो व्हिलन नाही. संख्या कमी असेल तर भराभर वाढणारे प्रवाळ खाऊन हळू वाढणाऱ्यांना जागाच करून देतो. हेक्टरी पंधराच्या वर गेले की मात्र गडबड. १९८५ ते २०१२ या काळात इथलं जवळपास निम्मं जिवंत प्रवाळ गेलं. शास्त्रज्ञांच्या हिशेबात त्यातला ४२ टक्के वाटा या साहेबांचा.

आता तीनेक हजार रीफ्सवर शास्त्रज्ञ कुठे कुठे पुरणार? म्हणून मरीन पार्क अथॉरिटीच्या ‘आय ऑन द रीफ’मध्ये तुमच्या-आमच्यासारख्यांनाही काम आहे. फोटो काढा, जागा आणि संख्या अ‍ॅपवर टाका, बस्स. पद्धतशीर पाहणीत सामील झालात आणि एकही दिसला नाही, तर ते शून्यही लिहायचं. तीही माहितीच.

पण शोधायचा कसा? दिवसा हा बहुतेक कपारीत दडलेला असतो, म्हणून आधी जेवणाच्या खुणा बघायच्या. प्रवाळावर पांढराशुभ्र डाग आणि त्याला लागूनच जिवंत रंग. जुन्या डागावर शेवाळ चढतं, त्यामुळे सगळ्यात ताज्या पांढऱ्याच्या आसपास डोकवा. पांढरं दिसलं की लगेच ‘कॉट्स!’ म्हणू नका. ब्लीचिंगमध्येही प्रवाळ पांढरं पडतं, फक्त तिथे वरची पातळ कातडी शाबूत असते.

सापडला तरी हिरोगिरी नको. काटे वेटसूटमधून आत जातात, आणि तोडलात तर तुकड्यातून पुन्हा वाढू शकतो. मारायचं काम ट्रेनिंग घेतलेल्या डायव्हर्सचं. ते इंजेक्शन देतात, कधी कधी चक्क व्हिनेगरचं! तुमचं काम पाण्यात तरंगत राहण्याचं. बॉयन्सी कच्ची असेल तर मोजायच्या नादात तुमचे फिन्सच प्रवाळ मोडतील, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. तेव्हा पहिल्या डाइव्हला फक्त मासे बघा. मोजणी दुसऱ्या डाइव्हपासून.

आणि हो, शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. परतीचं तिकीट त्या हिशेबानं काढा.