खिशातून गेलेले कवी

ती. मामा,


इथे क्रोएशियात लोक त्यांचे जुने कवी वाचतात का, असं विचारलंत. परीक्षेपुरते वाचतात. मार्को मारुलिचची ‘युदिता’ 1501ची, छापली 1521मध्ये व्हेनिसला. आजच्या पोरांना ती टिपांशिवाय उमगत नाही.

पण विसरलेत म्हणावं, तर तसंही नाही. कुना हे जुनं चलन होतं तेव्हा 500 कुनांच्या नोटेवर मारुलिच होता, 50च्या नोटेवर दुब्रोवनिकचा गुंदुलिच, 100च्या नोटेवर माझुरानिच. गुंदुलिचच्या ‘ओस्मान’ महाकाव्यातले दोन सर्ग नव्हतेच. दोनशे वर्षांनी ते माझुरानिचने रचून भरले. म्हणजे पाकिटात दोघं शेजारी बसत ते रास्तच! 2023च्या 1 जानेवारीला युरो आला आणि सगळेच खिशातून गेले. गुंदुलिचला निदान चौक तरी उरलाय. पुतळ्याच्या पायाशी सकाळी भाजीबाजार भरतो.

मारिन द्रझिचची गोष्ट निराळी. दुब्रोवनिकमधल्या त्याच्या पुतळ्याचं नाक पर्यटकांनी चोळून चोळून चकचकीत केलंय, आणि त्यातल्या बहुतेकांना हा कोण ते माहीत नसणार. पण गावकऱ्यांना तो माहीत आहे, कारण त्याचं ‘दुंदो मारोये’ अजून रंगतं. नाटक 1551चं. पोराने रोममध्ये बापाचे पैसे एका गणिकेवर उधळलेत आणि चिक्कू बाप त्याला शोधत तिथे पोचलाय. मूळ शेवट हरवलाय. आजचा शेवट नंतरच्यांनी जोडला. पोमेत नावाचा खादाड, बेरकी नोकर सगळ्यांना खेळवतो, तेव्हा हसायला टीप लागत नाही. मला विचाराल तर वाचला न जाताही टिकलेला हा एकटाच. बाकीचे पुतळे झाले. याच विनोदी माणसाने 1566मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिचींना पत्रं लिहून आपल्याच गावच्या सरदारांची सत्ता उलथायला मदत मागितली होती! उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी तो व्हेनिसमध्ये वारला.

ह्वार बेटावरच्या हेक्तोरोविचने दोन कोळ्यांबरोबरची तीन दिवसांची मासेमारी काव्यात लिहिली, त्यांच्या गाण्यांच्या चालीसुद्धा टिपल्या. लोक जातात ते मात्र त्याच्या घरातलं माशांचं तळं बघायला.

तुम्ही गोव्यात, म्हणून एक काम सांगते. मारुलिचचं लॅटिन नीतिपुस्तक फ्रान्सिस झेवियर जवळ बाळगायचा, असं इथे अभिमानाने सांगतात. ‘युदिता’ न वाचलेलेसुद्धा! जुन्या गोव्याला बॉम जेझुस चर्चमध्ये जाल तेव्हा तिथल्या कुणा जाणत्याला मारुलिच हे नाव ऐकून माहीत आहे का, ते विचारा आणि मला कळवा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची