इच्छापोरहून सुरतेच्या किल्ल्यात

आपल्या नंदुरबार-नवापूरकडची माणसं सुरतेला गेली की उधन्याला उतरतात आणि लिंबायतकडे वळतात. इच्छापोरला सहसा कोणी जात नाही. तापी ओलांडून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव लागतं. माझे मेहुणे हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत, म्हणून दिवाळीत आमचा मुक्काम तिथे पडला. दिवसभर ट्रकांची रांग, आणि संध्याकाळी खाडीकडून येणारा खारा वारा!

इथून पुढे समुद्रकाठी सुवाली आहे. मोठी जहाजं तापीत शिरू शकत नसत, म्हणून इंग्रज ती सुवालीला नांगरत. 1612 साली इंग्रजांनी पोर्तुगीजांना याच किनाऱ्यापुढे हरवलं.

भाच्याला संगणकावरच्या लढाईच्या खेळाचं वेड. तो मला समजावत होता, "मामा, शहराला तट बांधला की आतल्या शिपायांचं बळ वाढतं. पण शिपाईच ठेवले नाहीत, तर तट असून काही उपयोग नाही." मी म्हटलं, "चल, तुला हेच खरंखुरं दाखवतो." दुसऱ्या दिवशी आम्ही चौक बाजारातला किल्ला गाठला.

पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या काळात, 1540च्या दशकात, खुदावंद खानाने तो तापीकाठी बांधला. आता जीर्णोद्धार होऊन तिथे संग्रहालय झालं आहे. बुरूज जाडजूड आहेत. पण 1664च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा हा किल्ला शहराच्या कामी आला नाही. शहराला पक्का तट नव्हता. सुभेदार इनायत खान पाचशे माणसांचा पगार बादशहाकडून घेई, पण तेवढी माणसं ठेवलीच नव्हती, असं इतिहासकार सांगतात. तो स्वतः किल्ल्यात जाऊन बसला. तिथून तोफा डागल्या, त्यांनी शत्रूपेक्षा शहरातल्या घरांचंच जास्त नुकसान केलं. रयत आणि व्यापारी उघड्यावर राहिले.

टिकले ते इंग्रज. त्यांच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडन याने सुवालीच्या जहाजांवरचे खलाशी बोलावून घेतले. वखारीला ना खंदक ना बुरूज, पण आत लढायला तयार माणसं होती. त्यांनी शेजारच्या हाजी सैद बेगच्या वाड्यातूनही हल्लेखोरांना हटवलं.

यानंतर औरंगजेबाने शहराभोवती विटांचा तट बांधवला. तरी 1670च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले. तटावरच्या मोजक्या शिपायांनी थोडा प्रतिकार केला आणि ते किल्ल्याच्या आश्रयाला पळाले. शहर पुन्हा लुटलं गेलं. इंग्रजांची वखार मात्र या वेळीही टिकली. तिथे स्ट्रेनशॅम मास्टर मोजकी माणसं घेऊन उभा होता.

भाचा बराच वेळ बुरुजावरून तापीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, किल्ला सुभेदाराचा होता, शहराचा नव्हता."

पोरानं बरोबर ओळखलं! आपण महाराजांच्या पराक्रमाची बाजू लहानपणापासून ऐकत आलो. ज्यांचा राखणदारच दार लावून बसला, त्या सामान्य सुरतकरांचा विचार मात्र क्वचितच मनात येतो. आज त्याच सुरतेत आपले हजारो खानदेशी मागावर राबून पोट भरतात. 1664च्या स्वारीत महाराजांचा मुक्काम शहराबाहेर, बुऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत पडला होता. आपली माणसं आज उधन्याला गाडीतून उतरतात. पुढच्या खेपेला उतराल, तेव्हा अर्धा दिवस या किल्ल्यासाठी काढा आणि मुलांना बरोबर न्या.