लाओकोऑनचा उजवा हात

शाळेंतून निवृत्त होऊन कांहीं वर्षें लोटलीं. परंतु वर्गांतील एका प्रसंगाची रुखरुख अद्याप मनांतून गेलेली नाहीं.

एका जुन्या पुस्तकांतून मीं मुलांस लाओकोऑनच्या प्रसिद्ध शिल्पाचें चित्र दाखवीत होतों. लाओकोऑन हा ट्रॉय नगरीचा पुरोहित. ग्रीकांच्या लांकडी घोड्याविषयीं त्यानें नगरवासीयांस सावध केलें, आणि समुद्रांतून आलेल्या दोन सर्पांनीं त्यास व त्याच्या दोन पुत्रांस विळखा घातला, अशी कथा आहे. चित्रांत त्याचा उजवा हात आकाशाकडे उंचावलेला होता. "पाहा, मृत्यूच्या दारींहि वीर कसा ताठ राहतो!" असें मीं मोठ्या आवेशानें म्हणालों. तोंच मागच्या बाकावरचा, तालमींत जाणारा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, एवढा विळखा पडल्यावर हात असा सरळ राहायचा नाहीं, तो आंत ओढला जाईल." "शहाणपणा पुरे," म्हणून मीं त्यास खालीं बसविलें.

निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, तेव्हां खरी हकीकत कळली. हें शिल्प 1506 सालीं रोममधील एका द्राक्षमळ्यांत सांपडलें, तेव्हां त्यास उजवा हात नव्हताच! उंचावलेला हात मागाहून जोडलेला. पुढें 1906 च्या सुमारास लुडविग पोलाक ह्या पुराणवस्तुज्ञास रोममध्येंच एक संगमरवरी हात आढळला. तो कोपरांत दुमडलेला होता. 1957 ते 1960 ह्या काळांतील दुरुस्तींत तोच मूळचा मानून शिल्पास जोडण्यांत आला. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत आज तें शिल्प तसेंच आहे.

ह्या एका हातानें शिल्पाचा भावच पालटतो. उंचावलेला हात आव्हान देतो असें वाटे; दुमडलेला हात वेदना पुन्हां देहाकडे वळवितो. मग फुगलेली छाती, आंत ओढलेलें पोट, आक्रसलेल्या भुंवया व किंचित् विलग झालेले ओठ हीं सारीं एकच गोष्ट बोलूं लागतात. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत मायरननें घडविलेल्या थाळी फेंकणाऱ्या पुरुषाशीं हें ताडून पाहावें. त्याची मूळ कांस्यमूर्ति नष्ट झाली; रोमन काळच्या संगमरवरी प्रतिकृति उरल्या आहेत. त्यांत देह धनुष्यासारखा वांकलेला, पण मुद्रा निर्विकार. लाओकोऑनमध्यें मात्र, आपल्या नाट्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, अनुभाव मुखापुरता न राहतां सर्वांगांत उतरला आहे.

तो मुलगा आज कोठें असेल, ठाऊक नाहीं. त्यानें स्वतःच्या दंडांच्या अनुभवानें जें ओळखलें, तें मला दिसलें नाहीं. कारण मला शिल्प पाहावयाचें नव्हतें, बोध करावयाचा होता. घरोघरच्या वडील मंडळींस एवढेंच विनवितों, कीं मुलास कांहीं निराळें दिसलें, तर त्यास खालीं बसविण्यापूर्वीं आपण एकदां पुन्हां नीट पाहावें.