मिठाच्या खड्यांची वही

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा परभणीकडची हवा कोरडी पडलेली असते. मिठाचे खडे करायला हाच हंगाम. जुलैत प्रयोग मांडला तर पोरं हिरमुसतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढायला लागतं. घरातल्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. मग ताटलीतलं पाणी आटणार कसं? एप्रिलात नेमकं उलट होतं. पाणी भराभर उडतं आणि हाती बारीक चुरा लागतो. खडा मोठा हवा तर पाणी सावकाश जायला हवं, आणि ती सवड हिवाळाच देतो.

*

दोरा टांगलेल्या ग्लासाचं चित्र बऱ्याच पुस्तकांत असतं: गरम पाण्यात मीठ विरघळवा, गार होऊ द्या, दोऱ्यावर खडे येतील. तुरटीच्या बाबतीत हे खरं आहे. गरम पाण्यात तुरटी गार पाण्याच्या कितीतरी पट जास्त विरघळते, म्हणून पाणी निवलं की जास्तीची बाहेर पडते. मिठाचं तसं नाही. 100 मिलिलिटर पाण्यात साध्या तापमानाला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. निवण्यातून मिळणार ते एवढंच. बाकीचं मीठ पाणी उडाल्यावरच बाहेर येतं. म्हणून मिठासाठी दोरा बाजूला ठेवावा आणि पसरट ताटली घ्यावी. दोरा कोराच राहिला म्हणून पोराला बोल लावू नये. त्याचं काही चुकलेलं नसतं.

*

पिशवीतल्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही मिसळलेलं असतं. त्याने पाणी गढूळ होतं, कधी खड्याचा आकारही बिघडतो. किराणा दुकानातलं जाडं मीठ घ्यावं, विरघळवावं, फडक्यातून गाळावं.

*

मोरचुदाचे निळे खडे फार देखणे होतात. शेतकऱ्याच्या घरी मोरचूद सापडतंही. पण ते विषारी आहे. प्राथमिक शाळेत नकोच.

*

ऊन तापू लागलं की ताटलीत पाण्याच्या वर पातळ चौकोनी पापुद्रे तरंगताना दिसतात. धक्का न लावता भिंग धरावं. मधोमध खड्डा, आणि चारही बाजूंनी आत उतरत गेलेल्या बारीक बारीक पायऱ्या. "सर, हे तर बारवेवाणी दिसायलंय!" असं एक पोरगी म्हणाली. तिच्या वर्गाने सेलू तालुक्यातली वालूरची बारव पाहिलेली. ती चक्राकार फिरत उतरते, ही चौकोनी. पण उपमा तिची, आणि चोख. असं होण्याचं कारण सांगता येतं. खड्याच्या कडांना पाण्यातलं मीठ आधी मिळतं, मधल्या भागाला उशिरा. कडा वाढत जातात, मध मागे राहतो. पापुद्रा जड होऊन किंचित बुडतो, आणि पाण्याच्या रेषेवर पुढची कड धरते.

सावकाश वाढलेला खडा मात्र भरीव, घनाकृती. चिरडला तरी तुकडे पुन्हा काटकोनातच फुटतात. आतली मांडणी तशी असते म्हणून. ही मांडणी लॉरेन्स ब्रॅग यांनी 1913 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तेव्हा ते 23 वर्षांचे होते. चौथीच्या पोरांना हे वय आवर्जून सांगावं. त्यांना ते आवडतं.

*

ताटलीच्या काठावर पांढरी खपली चढते, काठ ओलांडून बाहेरही उतरते. खपलीच्या बारीक फटींतून पाणी वर चढतं, उडतं, मीठ मागे ठेवतं.

हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. कारण आपल्या रानात हेच चाललं आहे. जायकवाडीचा 208 किलोमीटरचा डावा कालवा पाथरी-मानवतकडून परभणीच्या शिवारात येतो. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मुळात कमी. पाणी जास्त दिलं की खालची पातळी वर येते, ओल वर चढते, उन्हात उडते, आणि मातीवर क्षार उरतात. जमीन खारवट होते, पुढे चोपण. ताटली पाहिलेल्या पोराला चर कशासाठी खणायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

*

जोडीला आणखी एक. बोअरचं पाणी आणि साठवलेलं पावसाचं पाणी दोन ताटल्यांत आटवावं. बोअरच्या ताटलीत पांढरा थर उरतो. त्यावर लिंबू पिळलं की बहुधा बारीक बुडबुडे येतात. खाण्याच्या मिठावर येत नाहीत. पांढरं ते सगळं मीठ नव्हे, हे पोरांना डोळ्यांनी कळतं.

*

सहल काढायची तर जिंतूरच्या वायव्येला, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. सरोवराचं पाणी अतिशय अल्कधर्मी, त्यात सोडा आणि मीठ दोन्ही. काच आणि साबण करायचं सामान तिथे मिळतं, अशी नोंद अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. काठावरचा पांढरा थर पाहिला की पोरं आपण होऊनच ताटलीची गोष्ट काढतात.

*

पाणी पुरतं आटल्यावर मीठ पुन्हा तोलावं. विरघळवलं 36 ग्रॅम, भरतं थोडं कमी. "सर, मीठ कुठं गेलं?" उत्तर देऊ नये. काठावरची खपली, ढवळायचा चमचा, गाळायचं फडकं, सगळं त्यांच्यापुढे ठेवावं. फडकं घोटभर पाण्यात बुडवून, ते पाणीही आटवून पाहू द्यावं.